मोठं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी आणि बसवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"कोणतं कार्ड घेऊ?" असं कुणी विचारलं की आम्ही आधी तीन गोष्टी विचारून घेतो. मॉनिटर कोणता आहे, एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आणि किती जुना आहे, आणि कॅबिनेटमध्ये आत किती जागा मोकळी आहे. काहींना वाटतं आपण साधा प्रश्न विचारला आणि हे उगाच खोलात शिरताहेत. पण महागाचं कार्ड घेऊनही समाधान न झालेल्या ग्राहकांची मशिन आम्ही उघडतो, तेव्हा बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं आणि घोळ या तिन्हीपैकी कशात तरी निघतो. म्हणून या पत्रकाची सुरुवातही मॉनिटरपासूनच केली आहे.

मॉनिटर काय मागतो

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० वर ते ३६.९ लाख होतात आणि ४के (३८४० बाय २१६०) वर ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी च्या (१९२० बाय १०८० च्या) बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला) हे सगळे पिक्सेल कार्डाला रंगवावे लागतात. त्यामुळे ४के आणि १२० हर्ट्‌झच्या वर खेळणाऱ्याला वरच्या श्रेणीतल्या कार्डाचा पुरेपूर उपयोग होतो. १०८०पी आणि ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरला एनव्हिडियाचं वरच्या श्रेणीतलं आरटीएक्स ५०९० जोडलं, तर मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. अशा वेळी आम्ही स्पष्ट सांगतो की कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरला लावा. डोळ्यांना फरक तिथे दिसेल.

प्रोसेसरचंही असंच आहे. कोणती वस्तू कुठे आहे, कोण कुठे धावतंय हा सगळा हिशोब करून प्रोसेसर फ्रेमची तयारी करतो आणि मग कार्ड ती रंगवतं. तयारीच हळू होत असेल तर कार्ड वाट बघत बसतं. तुमच्याकडे काय होतंय ते घरीच तपासता येतं. फ्रेमवरची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा, नेहमीचा गेम लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. फ्रेम लक्षात येण्याइतक्या वाढल्या, तर आतापर्यंत कार्ड कमी पडत होतं. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत, तर प्रोसेसर अडवतोय आणि नवं कार्ड घेऊन तिथे काही सुधारणार नाही. पाच मिनिटांची ही चाचणी केल्याशिवाय खरेदीला जाऊ नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मेमरी आणि खोक्यावरचे आकडे

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८० आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी या दोन्ही कार्डांवर १६ जीबी मेमरी आहे. आरटीएक्स ४०९० आणि आरएक्स ७९०० एक्सटीएक्सवर २४ जीबी, तर ५०९० वर ३२ जीबी. फक्त गेम खेळणाऱ्याला आज १६ जीबी पुरते असं आमचं मत आहे. ३२ जीबीचा खरा फायदा त्याच मशिनवर जड व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा एआय मॉडेल चालवणाऱ्यांना होतो. मेमरी कमी पडली तर सरासरी फ्रेमचा आकडा चांगला दिसत राहतो, पण वळण घेताना, नवीन भागात शिरताना गेम मध्येच अडखळतो. म्हणून आढावे बघताना सरासरीबरोबर सर्वात खालच्या १ टक्का फ्रेमचा आकडाही बघत जा.

फ्रेम जनरेशनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आरटीएक्स ५० मालिकेतली कार्डं खऱ्या रंगवलेल्या एका फ्रेममागे तीन जादा फ्रेम स्वतः तयार करून मध्ये घालू शकतात. हालचाल त्यामुळे खरंच गुळगुळीत दिसते. पण माऊस हलवल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तर ही सोय छान वाटते. मुळात २५ मिळत असताना ती चालू केली, तर आकडा १०० दाखवेल आणि हाताला मात्र गेम जडच लागेल. दोन कार्डांची तुलना करायची असेल तर ही सोय बंद ठेवून घेतलेले आकडे समोर ठेवा. एनव्हिडियाच्या डीएलएसएस आणि एएमडीच्या एफएसआरचं अपस्केलिंग ही वेगळी गोष्ट आहे. कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठं करणारं हे तंत्र आता खूप सुधारलंय आणि ४के वर ते आम्ही बिनदिक्कत वापरायला सांगतो.

वीज

आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं आणि त्यासाठी एनव्हिडिया १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ४०९० ला ४५० वॅट लागतात, ५०८० ला ३६०. दोन्हींसाठी शिफारस ८५० वॅटची आहे. एएमडीचं ९०७० एक्सटी ३०४ वॅटचं.

हे आकडे सरासरीचे आहेत. क्षणार्धात कार्ड याच्या बरंच वर उसळी मारतं. ती उसळी सोसण्याची अट २०२२ साली आलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकात पहिल्यांदा नीट घातली गेली. त्याआधीचा एसएमपीएस वॅटमध्ये पुरेसा दिसला तरी उसळीला घाबरून स्वतःला बंद करून घेऊ शकतो. लक्षण ओळखू येण्यासारखं असतं: ब्राउझर, सिनेमा तासन्‌तास सुरळीत, आणि गेममध्ये मोठा प्रसंग आला की पडदा काळा होऊन मशिन रीस्टार्ट. अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण आधी कार्डच बदलून मागतात. कार्ड बदलण्याआधी दुसरा एसएमपीएस लावून बघायला हवा.

केबलबद्दलचा एक नियम कधीही मोडू नका. मॉड्युलर (केबल सुट्या काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल त्याच एसएमपीएसच्या वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबलसुद्धा, अगदी व्यवस्थित बसते. पण एसएमपीएसच्या बाजूला कोणत्या पिनवर काय येतं याचं सर्वांना लागू असलेलं मानक नाही. चुकीची केबल लावून बटण दाबलं की कार्ड जळू शकतं. जुना एसएमपीएस काढून नवा घालताना "केबल तशाच राहू दे" हा मोह होतो, कारण त्या छान बांधलेल्या असतात. सगळ्या काढा.

कार्डाला दोन-तीन ८ पिनी जोडण्या असतील तर प्रत्येकीला एसएमपीएसपासून वेगळी केबल आणा. ८ पिनी जोडणी १५० वॅटसाठी आहे. एकाच केबलच्या दोन तोंडांवर सगळा भार टाकू नका.

ती १६ पिनी जोडणी

एनव्हिडियाच्या वरच्या कार्डांवर एकच लहान जोडणी असते. तिच्यात १२ मोठ्या पिन आणि कडेला ४ बारीक पिन. मोठ्या पिनांपैकी ६ मधून वीज येते, ६ मधून परत जाते. पूर्ण ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, अर्थात एकेका पिनवर ८ अँपिअरपेक्षा जास्त. जोडणी अर्धवट बसली की काही पिनांचा स्पर्श कमी होतो, तिथला रोध वाढतो, उरलेल्या पिनांवर भार सरकतो आणि प्लास्टिक तापायला लागतं. आधीच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर जोडणीत हे घडल्यावर २०२३ मध्ये १२व्ही-२x६ हा सुधारित प्रकार आला. त्यात बारीक पिन आखूड केल्या आहेत. जोडणी पूर्ण आत गेल्याशिवाय त्यांचा संपर्क होत नाही, आणि तो झाला नाही तर कार्ड पूर्ण वीज घ्यायला सुरुवातच करत नाही. सुधारणा चांगली आहे, तरीही जोडणी नीट बसवणं आपल्याच हातात आहे.

आमच्याकडे एकदा एक मशिन आलं. तक्रार एवढीच होती की खेळताना मधूनच प्लास्टिकचा वास येतो. काचेची बाजू काढताना ती काच किंचित बाहेर ढकलली गेल्यासारखी वाटली, कारण केबलचा बाक तिला आतून रेटत होता. जोडणी कार्डापासून नखाच्या जाडीएवढी बाहेर आलेली होती. काढून दिव्याखाली धरली तेव्हा टोकाच्या दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं दिसलं. कार्ड वाचलं, केबल टाकून द्यावी लागली. आणखी महिनाभर ते तसंच चाललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

म्हणून जोडणी बसवताना "टक्‌" आवाजावर विसंबू नका, तो दरवेळी येत नाही. कार्डाला मागून एका हाताचा आधार द्या आणि अंगठ्याने जोडणी सरळ दाबा. मग मोबाईलचा टॉर्च लावून कडेने बघा: दोन प्लास्टिकच्या मध्ये फट दिसता कामा नये. हलकेच ओढून बघा, निघता कामा नये. केबलला जोडणीपासून निदान ३५ मिलिमीटरपर्यंत बाक देऊ नका. काच लावल्यावर ती केबलला टेकत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, आणि त्यावर जोर लावून काच बसवणं हा उपाय नव्हे.

मापं

एनव्हिडियाचं स्वतःचं ४०९० हे ३०४ मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट (मदरबोर्डवरच्या खाचांच्या तीन जागा) जाड आहे. ५०९० तेवढंच लांब, पण दोन स्लॉटचं. इतर कंपन्यांची कार्डं ३४० मिलिमीटरच्याही पुढे जातात. लांबी मोजताना कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या फॅनच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. पुढे प्रोसेसरच्या पाण्याच्या कुलरचा रेडिएटर असेल तर त्याच्या आतल्या कडेपर्यंत. लांबी बहुतेक जण मोजतात. राहून जाते ती काचेकडची जागा: कार्डाची उंची, अधिक जोडणी, अधिक ते ३५ मिलिमीटर. वरच्या गोष्टीतली काच तिथेच नडली होती.

बसवताना

कंपनी तीच राहणार असेल तर जुन्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नवा टाकला तरी सहसा चालतं. एएमडीकडून एनव्हिडियाकडे किंवा उलट जात असाल, तर आधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा आणि सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्रॅम चालवून जुनं सगळं पुसून टाका.

मशिन बंद करा, एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मशिन आडवं झोपवून काम करा; जड कार्ड उभ्या मशिनमध्ये एका हाताने सावरणं कठीण जातं. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबल्याशिवाय ओढू नका. जाड कार्डाखाली ती दिसतही नाही, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घालून दाबता येते. तिथे लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, घसरला तर मदरबोर्डवर ओरखडा उठतो.

नवं कार्ड प्रोसेसरच्या सर्वात जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा, कारण सहसा पूर्ण १६ लेन (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटा) तिथेच असतात. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या आणि स्क्रू घट्ट होईपर्यंत हाताचा आधार सोडू नका. खालून टेकू लावायचा तो कार्ड समतल राहील इतकाच. वर रेटला तर स्लॉटवर उलटा ताण येतो.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा. हे वाचताना साधं वाटेल, पण नव्या कार्डाची तक्रार घेऊन आलेल्या मशिनमध्ये ती मदरबोर्डला लावलेली आम्ही कितीतरी वेळा पाहिली आहे. मदरबोर्डच्या जोडण्या उभ्या गठ्ठ्यात वर असतात, कार्डाच्या खाली आडव्या ओळीत.

पहिला तास

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे का तेही तपासा. मग अर्धा तास जड गेम चालवा आणि तापमानावर लक्ष ठेवा. ६५ ते ८० अंश सेल्सिअस ठीक. ४०९० आणि ५०९० साठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिच्या जवळ जात असेल तर हवा खेळत नाहीये. बारीक किर्रर आवाज आला तर तो कॉइलचा असतो, फ्रेम खूप वाढल्या की वाढतो, आणि त्याने कार्डाला इजा होत नाही. फ्रेमला मॉनिटरइतकी मर्यादा घातली की तो बराच कमी होतो. पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून बघाच. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता आणि फॅनचा आवाज मात्र चांगलाच उतरतो. आम्ही ४०९० च्या मशिन अशाच लावून देतो.

कार्डाचं खोकं आणि आतली चकचकीत पिशवी टाकू नका. घर बदलताना किंवा मशिन आमच्याकडे आणताना कार्ड काढून त्याच खोक्यात वेगळं आणा. दोन किलोच्या आसपासचं वजन गाडीच्या प्रत्येक धक्क्याला स्लॉटवर आदळतं, आणि कार्डाच्या पट्टीला खिट्टीजवळ गेलेला तडा दुरुस्त होणं फार अवघड असतं.