पद्मिनीवर बंदी? छे!

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीबद्दल ‘पद्मिनीवर बंदी आलीय, भंगारात काढा,’ हे ऑक्टोबर २०२३ पासून फिरतंय. संपली ती मुंबईतल्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. खासगी गाडीला तो नियम नाही. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. (दिल्लीत मात्र जुन्या गाड्यांचे नियम वेगळे.)

‘पार्ट मिळतच नाहीत’ हेही अर्धसत्य. १०८९ सीसीचं ते इंजिन टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं पळवलं, म्हणून क्लच प्लेट, ब्रेकची रबरं धुंडाळली तर अजून सापडतात. खरी वणवण क्रोमच्या पट्ट्यांसाठी. टॅक्सीचं त्यांच्यावाचून अडत नव्हतं, आणि हल्लीच्या हौशी मंडळींना नेमक्या त्याच हव्यात, त्याही अस्सल!