भुताच्या सिनेमाचं पोस्टर

भूत, चेटकीण, शापित वाडा, अंगात येणं असल्या विषयांवरच्या सिनेमांची जाहिरात करणारं पोस्टर. याचे नियम कुणी कुठं लिहून ठेवलेले नाहीत, पण शंभरेक वर्षांत ते आपोआप पक्के झालेत आणि थोड्याफार फरकाने जगभर पाळले जातात. खुनाच्या सिनेमाचं पोस्टर करणं त्यामानाने सोपं, रक्ताळलेला सुरा दाखवला की झालं, पण भूत म्हणजे मुळात न दिसणारी गोष्ट आणि तीच तर विकायची असते, त्यामुळे भूत दाखवायचं की लपवायचं आणि दाखवायचं तर किती, हे आधी ठरतं आणि रंग, अक्षरं, उजेड सगळं त्याच्या मागून येतं.

सुरुवातीची पोस्टरं बिनधास्त दाखवणारी होती. 1922 च्या जर्मन 'नोस्फेराटू'चे सेट, कपडे आणि जाहिरातीची चित्रं तिन्ही आल्बिन ग्राउ या एकाच माणसाच्या हातची, म्हणून पडद्यावरचं आणि कागदावरचं भूत एकाच जातीचं वाटतं, आणि हे फार कमी सिनेमांच्या नशिबी येतं. मग 1930 च्या दशकात अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओने ड्रॅक्युला, ममी वगैरे मंडळींना अक्षरशः स्टार केलं. तिथे पोस्टरचं काम कॅरोली ग्रोस हा चित्रकार बघायचा आणि 1932 च्या 'द ममी'च्या पोस्टरवर ममी उभी, शेजारी लाल कपड्यातली बाई असा सगळा ऐवज समोर मांडलेला आहे, लपवाछपवी काही नाही. ही पोस्टरं तेव्हा सिनेमा उतरला की फेकून दिली जायची, आणि 2017 मध्ये 'ड्रॅक्युला'चं 1931 चं एक पोस्टर लिलावात 5,25,800 डॉलरला गेलं!

लपवण्याची शाळा सुरू झाली 1968 च्या 'रोझमेरीज बेबी'पासून. स्टीफन फ्रँकफर्ट आणि फिलिप गिप्स यांनी केलेल्या त्या पोस्टरवर हिरवट रंगात नायिकेचा आडवा चेहरा आहे आणि त्यावर खडकाळ टेकाडावर एक काळी बाबागाडी, बास. सैतान नाही, रक्त नाही, बाळसुद्धा दिसत नाही, पण त्या गाडीत काय असेल हा प्रश्न डोक्यातून जात नाही. माझ्या मते आजवरचं या प्रकारातलं सगळ्यात चांगलं पोस्टर हेच. मग 1973 च्या 'द एक्सॉर्सिस्ट'साठी बिल गोल्डने हॅट घातलेला, हातात बॅग घेतलेला पाद्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा केला आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर उजेडाचा झोत सोडला. सिनेमातल्या त्या दृश्यामागे रेने मॅग्रित या बेल्जियन चित्रकाराच्या चित्रांची प्रेरणा आहे. आता खरं बघितलं तर उजेड म्हणजे सुरक्षित आणि अंधार म्हणजे भीती अशी आपल्याला सवय, इथे नेमकं उलटं केलंय, संकट उजेडाच्या खिडकीत आहे. त्यानंतर अंधारात एकच पेटलेली खिडकी किंवा अर्धवट उघडं दार हे इतक्या पोस्टरांवर आलं की आता ती खूणच झालीय. 1982 च्या 'पोल्टरगाइस्ट'वर टीव्हीसमोर पाठमोरी बसलेली लहान मुलगी, 2002 च्या 'द रिंग'वर काळ्यात फक्त एक पांढरं वर्तुळ. आणि 1999 च्या 'ब्लेअर विच'वाल्यांनी तर टोकच गाठलं, त्यांनी कलाकारांचे फोटो टाकून 'हरवले आहेत' अशा नोटिसा वाटल्या, म्हणजे सिनेमाची जाहिरातच खऱ्या घटनेचा कागद बनून आली आणि बऱ्याच लोकांना ते खरंच वाटलं.

हिंदीत गाडी वेगळ्या रुळावरून गेली. 'महल' (1949), 'बीस साल बाद' (1962), 'वो कौन थी' (1964) या सिनेमांत पांढऱ्या साडीतली बाई, धुकं, वाडा, मेणबत्ती हे सगळं होतं, पण तिकीट विकलं जायचं अशोक कुमार, मधुबाला, साधना यांच्या चेहऱ्यांवर, त्यामुळे भूत जरा मागेच. मग 1972 मध्ये रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला, ज्याचं शूटिंग आपल्या महाबळेश्वरला झालं होतं, आणि इथून गणित बदललं. रामसेंकडे महागडे स्टार नव्हते, बजेट छोटं, मग चेहरा कुणाचा विकायचा? भुताचाच! 1984 च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी नावाचा राक्षस, म्हणजे तो झालेला अनिरुद्ध अगरवाल हा उंचापुरा माणूस, नायकापेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहिला. या पोस्टरांचा साचा साधारण असा की वर आभाळभर राक्षसी चेहरा, त्याच्या खाली हवेली किंवा देऊळ, एका कोपऱ्यात किंचाळणारी नायिका, दुसऱ्या कोपऱ्यात नायक-नायिकेची जवळीक, कुठेतरी जमिनीतून वर आलेला हात, आणि बहुतेकदा 'ए' सर्टिफिकेटचं अक्षर, जे नियम म्हणून छापावं लागायचं पण आमिष म्हणूनही काम करायचं.

या पोस्टरांना भडक, स्वस्त म्हणून नाकं मुरडली जातात ते मला पटत नाही. ती कुणासाठी होती ते बघा. तालुक्याच्या गावात एस्टी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेला तो साधारण 30 बाय 40 इंचाचा कागद, शेजारी अजून चार सिनेमांचे कागद, बघणारा चालत किंवा सायकलवर जाणार, ट्रेलर त्याने पाहिलेला नसणार, आणि कदाचित वाचताही येत नसणार. अशा माणसाला दोन-तीन सेकंदात कळलं पाहिजे की यात भूत आहे, ते असं दिसतं आणि ते शेवटी समोर येणार आहे. बाबागाडीचं कोडं तिथे चाललं नसतं. अमेरिकेत प्रेक्षक टीव्हीवर जाहिरात बघून, पेपरात परीक्षण वाचून येऊ शकत होता म्हणून तिथल्या पोस्टरला गप्प बसणं परवडलं, इथे पोस्टरलाच सगळं बोलायचं होतं.

आणि ते हाताने रंगवलेलं असायचं. हिंदी-मराठी सिनेमाचं पोस्टर रंगवण्याची परंपरा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपर्यंत मागे जाते, त्यांचं 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या पोस्टरांपैकी एक मानतात. पद्धत अशी की निर्मात्याकडून स्टिल फोटो यायचे, त्यावरून पेंटर मूळ चित्र करायचा, मग ते छापायला जायचं. फोटोत साधा दिसणारा माणूस पेंटरच्या हाताखाली हिरवा-निळा व्हायचा, बुबुळं जायची, सुरीने लावलेल्या जाड रंगाने कातडी सोलल्यासारखी दिसायची. फोटोला जे जमत नाही ते रंगाला जमायचं.

काही गोष्टी मात्र दाखवणाऱ्या आणि लपवणाऱ्या दोन्ही शाळांत सारख्या. चेहऱ्यावर उजेड खालून मारायचा, कारण ऊन असो की दिवा, आपण माणसाला वरून पडलेल्या उजेडात बघतो, आणि तो खालून आला की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहराही परका होतो. रात्र निळी दाखवायची, काळी नाही. अंधुक उजेडात आपला डोळा लाल रंग आधी हरवतो आणि निळा धरून ठेवतो, त्यामुळे निळ्यात रात्र खरी वाटते आणि त्यावर लाल टायटल ओरडून उठतं. चेहरा केसांनी झाकायचा, डोळे पांढरे करायचे, लहान मूल असेल तर पाठमोरं किंवा एकदम आपल्याकडे रोखून बघणारं. उलटे पाय ही मात्र खास आपल्याकडची गोष्ट, ती बाहेरच्या पोस्टरवर कुणाला कळणारच नाही.

टायटलच्या अक्षरांवर तर वेगळं लिहायला पाहिजे. रक्त ठिबकणारी अक्षरं सगळीकडेच आहेत, पण देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे रंगवणाऱ्याला एक जास्तीची जागा मिळते, ती रेघ तडकवता येते, तिच्यावर कवटी बसवता येते, काना आणि वेलांटी नखासारखी लांब ओढता येते. हिंदी पोस्टरवर बऱ्याचदा रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत नाव असायचं आणि एकच माणूस तिन्हींत तीच भीती आणायचा, हे कौशल्य कमी लेखू नये. इंग्रजीत 1989 मध्ये कॅरल ट्वॉम्ब्लीने रोमन शिलालेखावरून केलेला ट्रेजन हा फॉन्ट आधी मोठ्या गंभीर सिनेमांना लागला आणि नंतर घसरत घसरत भुताच्या सिनेमांवर येऊन बसला, आता तो दिसला की पुढचं सगळं ओळखता येतं.

दाखवण्याची हौस सगळ्यात पुढे नेली ती घानाच्या पेंटरांनी. 1980 च्या दशकात तिथे टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन गावोगाव सिनेमा दाखवणारे लोक होते, छापलेली पोस्टरं मिळायची नाहीत म्हणून पिठाची पोती उसवून, जोडून त्यावर तेलरंगात चित्रं काढायचे. पेंटरने सिनेमा पाहिलेला असेलच असं नाही, त्यामुळे सिनेमात नसलेले साप आणि जास्तीचे हातपायही त्यात यायचे.

मराठीत भूत बरेचदा विनोदाचा हात धरून येतं, म्हणून पोस्टरवरही हसू आणि भीती शेजारी बसतात. 'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू, रामदास पाध्यांचा बाहुला, हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. निव्वळ भीतीचा मराठी सिनेमा त्यामानाने कमी, पण 2017 च्या 'लपाछपी'ने ऊस ही गोष्ट या चित्रभाषेत आणली. बाहेरच्या पोस्टरवर मक्याचं शेत असतं, आपल्याकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस आहेच की, ज्यात शिरलेला माणूस चार पावलांवर दिसेनासा होतो. वाडा आणि वडाच्या झाडापलीकडे बघायला लावलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

1990 नंतर कॉम्प्युटर आणि मग फ्लेक्स आले आणि हाताचं काम संपत गेलं. फोटो कापून चिकटवणं सोपं झालं, त्यामुळे निळसर काळं पोस्टर, मध्ये एक चेहरा, अर्धा सडलेला, हे इतकं झालं की दहा सिनेमांची नावं अदलाबदल केली तरी फरक पडणार नाही. आता ओटीटीवर तर पोस्टर म्हणजे मोबाईलवरचा बोटाएवढा आडवा चौकोन, एकाच सिनेमाचे दोन-चार वेगवेगळे सुद्धा बनतात, त्यात हवेली, बाबागाडी, दिव्याखालचा पाद्री काहीच मावत नाही, मावतात ते दोन डोळे आणि नाव, म्हणून चेहरा परत मोठा व्हायला लागलाय.