सहकाऱ्यांना माफी : अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचा अधिकार कुठे थांबतो?

जून १७८८. नवं संविधान स्वीकारायचं की नाही, यावर व्हर्जिनियाचे प्रतिनिधी वाद घालत होते. जॉर्ज मेसन यांनी तेव्हा एक नेमका धोका दाखवला. जे गुन्हे राष्ट्राध्यक्षानेच करवून घेतले, त्यांनाच तो माफी देईल, तीही निकालाआधी. मग चौकशीच बंद पडेल. जेम्स मॅडिसन यांनी उत्तर दिलं, की अशा राष्ट्राध्यक्षावर प्रतिनिधीगृह महाभियोग आणू शकतं. व्हर्जिनियाने संविधान स्वीकारलं. माझ्या मते मेसन यांची शंका या उत्तराने मिटली नाही.

संविधानातली तरतूद एका ओळीची आहे. संघराज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना राष्ट्राध्यक्ष माफी देऊ शकतो. अपवाद फक्त महाभियोगाचा. शिक्षा कमी करणं, दंड माफ करणं हेही त्यातच येतं. गुन्हा घडून गेलेला असला की पुरे, आरोपपत्र दाखल झालेलं नसलं तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १८६७ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि कायदा करून हा अधिकार आखडता येणार नाही, असंही काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, बजावलं. माफीचे अर्ज तपासणारं कार्यालय न्याय विभागात आहे, अर्जासाठी पाच वर्षं थांबण्याचा नियमही आहे. पण राष्ट्राध्यक्षावर त्यातलं काहीच बंधनकारक नाही.

मग सहकाऱ्याला दिलेली माफी वेगळी का? कारण कटाचा तपास खालून वर चढतो. सरकारी वकील आधी खालच्या माणसाला गाठतात, शिक्षेत सवलत देऊ करतात आणि त्याच्या साक्षीवरून वरच्यापर्यंत पोहोचतात. शिक्षा झालीच तर वरचा माणूस ती पुसून टाकेल असा भरवसा असेल, तर खालचा तोंड कशाला उघडेल? यासाठी माफी द्यावीही लागत नाही, तिची आशा पुरते. माफी मिळालेल्याला त्या गुन्ह्यापुरता मौनाचा हक्क उरत नाही आणि साक्षीला उभं करता येतं, हे खरं. पण नाइलाजाने दिलेल्या साक्षीत किती बाहेर येईल, हा प्रश्न उरतोच.

२४ डिसेंबर १९९२ रोजी थोरल्या बुश यांनी इराण-काँट्रा प्रकरणातल्या (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवल्याच्या) सहा जणांना माफी दिली. त्यांत माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर होते. त्यांचा खटला जानेवारीत उभा राहायचा होता आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. प्रकरण घडलं तेव्हा बुश उपराष्ट्राध्यक्ष होते. खटला झालाच नाही. ट्रम्प यांचे जुने सल्लागार रॉजर स्टोन यांना काँग्रेसशी खोटं बोलणं आणि साक्षीदारावर दबाव आणणं यांसाठी चाळीस महिन्यांची शिक्षा झाली होती. चौकशी ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेशी जोडलेली होती. जुलै २०२० मध्ये, तुरुंगात हजर होण्याच्या तोंडावर, ट्रम्प यांनी ती शिक्षा रद्द केली. बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये मुलाला दिलेली जवळपास अकरा वर्षांच्या काळाची माफीही मला चुकीची वाटते, पण ती घराणेशाहीची चूक. वाइनबर्गर आणि स्टोन यांच्या बाबतीत माफी देणाऱ्याचा स्वतःचा संबंध होता. मेसन ज्याला घाबरत होते, ते हेच.

आणि मॅडिसन यांचा महाभियोग? माफीच्या कारणावरून आजवर एकाही राष्ट्राध्यक्षावर तो आलेला नाही. सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात, ती राष्ट्राध्यक्षावरच्या कुठल्याही महाभियोगात मिळालेली नाहीत. शिवाय अशा माफ्या अनेकदा पदाच्या शेवटच्या दिवसांत दिल्या जातात. करचुकवेगिरीच्या आरोपांनंतर परदेशात राहिलेल्या मार्क रिच यांना क्लिंटन यांनी कार्यकाळाच्या अखेरच्या दिवशी, २० जानेवारी २००१ रोजी माफी दिली. रिच यांच्या माजी पत्नी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मोठ्या देणगीदार होत्या. तपास झाला, आरोप कुणावरच ठेवला गेला नाही.

स्वतःलाच माफी देता येते का? कुणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही, म्हणून नाही, असं मत निक्सन यांच्या राजीनाम्याच्या चार दिवस आधी न्याय विभागानेच दिलं होतं. न्यायालयात त्याची परीक्षा अजून झालेली नाही.

खरी भक्कम मर्यादा राज्यांच्या सीमेवर आहे. भविष्यातल्या गुन्ह्यांना, दिवाणी दाव्यांना आणि राज्यांच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना ही माफी लागू होत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र एक अडचण होती : एकाच कृत्यासाठी संघराज्याचा खटला आधीच उभा राहिला असेल, तर राज्याला बहुधा माघार घ्यावी लागे. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि राष्ट्राध्यक्षाचे कुटुंबीय किंवा त्याच्या प्रचारात, प्रशासनात असलेले लोक माफी मिळवून आले, तर त्यांच्यावर खटला चालवण्याची वाट मोकळी केली. मॅडिसन यांनी काँग्रेसवर सोपवलेलं काम इथे एका राज्याने आपल्यापुरतं उचललं, आणि मला ते योग्य वाटतं.

राज्याचा खटला काय करू शकतो, ते ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांच्या प्रकरणात दिसलं. सीमेवरच्या भिंतीसाठी देणग्या देणाऱ्यांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून संघराज्याने त्यांना पकडलं होतं. खटल्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, ट्रम्प यांची माफी आली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कने त्याच व्यवहारावरून स्वतंत्र आरोप ठेवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बॅनन यांनी गुन्हा कबूल केला. तुरुंगवास टळला. ट्रम्प तेव्हा पुन्हा राष्ट्राध्यक्ष होते, पण ही शिक्षा माफ करणं त्यांच्या हातात नव्हतं.