सीक्वेन्सरसाठी ४०१७ की मायक्रोकंट्रोलर?

सीक्वेन्सर म्हणजे ठरलेले स्वर पायरी-पायरीने, व्होल्टेजच्या रूपात सिंथेसायझरला देणारं सर्किट. त्याची आठ पायऱ्यांची जुनी रचना सोपी आहे. ५५५ हा टायमर आयसी ठोके देतो, ४०१७ हा मोजणी करणारा आयसी दर ठोक्याला एकेक आउटपुट हाय करतो, प्रत्येक आउटपुटवर एक पॉट (फिरवून बदलायचा रोध) बसतो आणि पॉटच्या मधल्या पायावरून १एन४१४८ डायोडमार्गे सगळे व्होल्टेज एका तारेवर येतात. ४०१७ ची ९ नंबरची पिन १५ नंबरला, म्हणजे रीसेटला जोडली की आठवीनंतर पुन्हा पहिली पायरी येते. पिन १३ ग्राउंडला हवीच, नाहीतर मोजणी मध्येच अडते. दोन आयसी लागतात, कोड लिहावाच लागत नाही.

घोळ होतो तो सुरात. एका सप्तकाला एक व्होल्ट धरला तर एका अर्धस्वराच्या वाट्याला ८३.३ मिलिव्होल्ट येतात. डायोडवर पडणारे सुमारे ०.६ व्होल्ट दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टने घटतात. सर्किटच्या खोक्यातली हवा दहा अंशांनी तापली की सूर पाव अर्धस्वर सरकतो, आणि हा फरक कानाला खुपतो. शिवाय उलटी चाल, पायरी गाळणे, रचना लक्षात ठेवणे यांपैकी काहीही हवं असेल तर दर वेळी नवे आयसी आणि नवं वायरिंग आलंच.

इथे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कोडवर चालणारा आयसी, निर्विवाद सरस ठरतो. एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आणि एमसीपी४८२२ हा १२ बिटांचा डॅक (अंकांचं व्होल्टेज करणारा आयसी) घ्या. गेन दुप्पट ठेवला की त्याची एक पायरी बरोबर १ मिलिव्होल्टची होते आणि चार सप्तकं आरामात मिळतात. डॅकचे पैसे वाचवायला आठ बिटांचं पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज मिळवणं) वापरू नका. तिथे एक पायरी १९.५ मिलिव्होल्टची पडते. डॅकही मीटर लावून दोन ठिकाणी मोजा आणि दुरुस्ती कोडमध्ये घाला, कारण चार व्होल्टवर एक टक्का चूक म्हणजे अर्धा अर्धस्वर.

२८ पायांच्या एटीमेगावर ॲनालॉग इनपुट सहाच आहेत. आठ पॉट वाचायला ४०५१ हा आठांतला एक इनपुट निवडणारा आयसी लावा. चॅनल बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्या, त्यात आधीच्या पॉटचा अंश राहिलेला असतो. पॉट १० किलोओहमचे घ्या. दोन स्वरांच्या सीमेवर थांबलेला पॉट स्वर सारखा हलवत राहतो, म्हणून वाचनाने सीमा चार-पाच अंकांनी ओलांडल्याशिवाय स्वर बदलू नका. बाहेरचा क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा सिग्नल, इंटरप्ट पिनवर घ्या (तिथे सिग्नल येताच चालू कोड थांबवून त्याची दखल घेतली जाते). डिलेमध्ये अडकलेला कोड ठोके हुकवतो. तो सिग्नल १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा मध्ये १०० किलोओहम आणि एक एनपीएन ट्रान्झिस्टर हवा. बेसवर ग्राउंडकडून उलटा डायोड लावा, नाहीतर ऋण व्होल्टेज ट्रान्झिस्टर बिघडवतं. सिग्नल उलटा होतो, म्हणून कोडमध्ये उतरती कड पकडा.

प्रत्यक्ष आवाज काढणं मात्र लॉजिक आयसींकडेच ठेवावं. ४०१०६ या इन्व्हर्टर आयसीच्या ऑसिलेटरमागे ४०४० हा वारंवारता दोनाने भागत जाणारा काउंटर लावला की खालची सप्तकं एकमेकांशी घट्ट जुळलेली मिळतात. नमुन्या-नमुन्याने (सॅम्पलने) आवाज काढणाऱ्या साध्या कोडमध्ये चौकोनी लाटेची कड नमुन्याच्या क्षणीच बदलू शकते, त्यामुळे वरच्या स्वरांत परके सूर मिसळतात. ४०४० ला ही अडचण नाही. फक्त ४०१०६ चे न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडा आणि प्रत्येक आयसीच्या पुरवठ्यालगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवा. मोकळे इनपुट स्वतःच थरथरतात आणि तो खरखराट ध्वनीत उतरतो.