रस्ता रिकामा नव्हताच

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर रात्री तीन वाजता उभं राहिलं की पहिल्यांदा कळतं, या रस्त्याला रुंदीही आहे. दिवसा ती दिसतच नाही. साड्यांच्या दुकानांची शटरं ओढलेली, सराफी पेढ्यांच्या पायऱ्यांवर रखवालदार पेंगलेले, आणि भर रस्त्यात पांढऱ्या पट्ट्यावर एक कुत्रं पाय ताणून झोपलेलं. मी ट्रायपॉड मांडला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बारीक, एफ/१६, शटर ३० सेकंद उघडं, आणि बटण दाबलं.

त्या ३० सेकंदांत हा रस्ता अजिबात रिकामा नव्हता. दोन मुलं गप्पा मारत आडवी गेली. बिनदिव्याच्या सायकलवरून एक जण गेला. वर्तमानपत्रांचे गठ्ठे लादलेला टेम्पो खडखडत गेला. फोटोत मात्र यांतलं कुणीच नाही. टेम्पोच्या मागच्या दिव्यांच्या दोन लाल रेघा आणि ते कुत्रं, बस्स.

माणसं गेली कुठे? हिशेब सोपा आहे. माणूस साधारण अर्धा मीटर रुंद धरा आणि चाल सेकंदाला १.२ मीटर. म्हणजे मागच्या भिंतीवरचा एखादा ठिपका तो जेमतेम ०.४ सेकंद झाकतो. उरलेले २९.६ सेकंद कॅमेऱ्याच्या त्या पिक्सेलवर भिंतीचाच उजेड पडत राहतो. एकूण उजेडात त्या माणसाचा वाटा पंचाहत्तरावा, सव्वा टक्क्याच्या आसपास. एवढा फरक खडबडीत भिंतीवर डोळ्याला कळत नाही. म्हणून आडवा जाणारा माणूस पार पुसला जातो. समोरून कॅमेऱ्याकडे चालत येणारा मात्र बराच वेळ चित्राच्या त्याच जागी राहतो, आणि त्याचं भूत उमटतं. टेम्पोच्या दिव्याची गोष्ट वेगळी. तो भिंतीपेक्षा हजारो पटींनी प्रखर असतो, त्याला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. दिवा दिसतो, टेम्पो नाही.

ही गंमत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३८ मध्ये लुई डागेरने पॅरिसमधल्या ‘बुलेव्हार द्यु तांप्ल’ या रस्त्याचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतलं. दिवस उजाडलेला होता, रस्ता बग्ग्यांनी आणि माणसांनी वाहत होता. पण त्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्यात सगळी वर्दळ विरून गेली. उरला एकच गिऱ्हाईक, कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा. छायाचित्रात ओळखू येणारा हा बहुधा जगातला पहिला माणूस. पुढच्या वर्षी सॅम्युअल मोर्स (तारायंत्राच्या संकेतलिपीवाला तोच) पॅरिसला गेला होता. डागेरकडचं हे दृश्य पाहून त्याने भावाला पत्रात कळवलं, की एरवी गजबजलेला हा रस्ता निर्मनुष्य दिसतो. या गृहस्थाचे बूट आणि पाय स्पष्ट आहेत, पण धड आणि डोकं नाही, कारण तेवढा भाग हलत होता. एक पाय पॉलिशवाल्याच्या खोक्यावर अडकलेला, म्हणून तो इतिहासात राहिला!

आपला डोळा असं करत नाही. तो उजेड साठवत बसत नाही. सेकंदाचा एखाद-दशांश भाग गोळा केला की जुनं टाकून नवं घेतो. तसं नसतं तर रस्ता ओलांडणंच अवघड झालं असतं. अंधारात डोळा दुसरी युक्ती करतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. या फार संवेदनशील, पण त्यांना रंग कळत नाही, शिवाय लालकडच्या उजेडाला त्या जवळजवळ आंधळ्या. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या १८१९ मध्येच लक्षात आलं होतं, की उजेड कमी असताना लाल फुलं काळपट दिसतात आणि हिरवी पानं त्यांच्यापेक्षा उजळ. कॅमेऱ्याला दंडपेशी नाहीत. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते, ती अंधारातही बदलत नाही. म्हणून बोळात डोळ्यांना करड्या दिसलेल्या लाकडी दाराचा हिरवा रंग फोटोत लख्ख उतरतो. खोटा नाही तो, आपल्यालाच दिसला नव्हता.

पण मुळात उजेडातच रंग नसेल तर कॅमेरा तरी काय करणार? जुन्या सोडियमच्या दिव्यांचा बहुतेक उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात एकवटलेला असायचा. निळा जवळपास नाहीच. त्याखाली निळी स्कूटर काळपट दिसे, आणि फोटोत व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कितीही फिरवला तरी ती निळी होत नसे. जे आलंच नाही ते वाढवणार कुठून? पांढरा एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि तिच्यावर थोडा निळा उजेड पिवळ्यात बदलणाऱ्या फॉस्फरचा लेप. निळा आणि पिवळा मिळून पांढऱ्याचा भास. यात रंग बरेच परत येतात, पण मला विचाराल तर रात्र जाते. असं वाटणारा मी एकटा नाही. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले, तेव्हा क्वीन्स नेकलेसची झळाळी गेली म्हणून मुंबईत गदारोळ झाला, आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर छटेचे दिवे आले.

रात्रीच्या फोटोतल्या रवाळपणाबद्दल लोक कॅमेऱ्याला दोष देतात. तो अर्धाच खरा. भुरभुर पावसात अंगणात दोन सारख्या वाट्या ठेवा आणि थेंब मोजा. सरासरी १०० पडणार असतील, तर एकीत ९३ येतील, दुसरीत १०८. प्रकाशाचे कण, फोटॉन, असेच बेहिशेबी पडतात. सरासरी १०० असेल तर चढउतार वर्गमुळाइतका, १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० असेल तर १००, म्हणजे एकच टक्का. सपाट रंगवलेली भिंत कमी उजेडात ठिपकेदार दिसते ती यामुळे. महागडा कॅमेरा घेऊन हे सुटत नाही, फोटॉन जास्त गोळा करावे लागतात. ३० सेकंद थांबायचं ते त्यासाठी.

मोबाइलला इतकं थांबवत नाही, कारण तो धरणारा हात थरथरतो. मग तो झटपट अनेक फोटो काढून एकावर एक बेतशीर बसवतो. गर्दी पुसायची असेल तर ट्रायपॉडवरून काढलेल्या अशा फोटोंचा आणखी एक उपयोग होतो. समजा, एकाच पिक्सेलची पाच फोटोंतली तेजस्विता ४०, ४१, ४०, १८२, ३९ आली. १८२ आली त्या फोटोत तिथून पांढरा शर्ट गेला. सरासरी काढली तर ६८.४, म्हणजे शर्टाचं भूत राहिलं. पण पाचही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला तर ४०, शर्ट गायब. प्रत्येक पिक्सेलला हेच केलं की भर दुपारचा रस्ताही रिकामा होतो. अट एकच: अर्ध्याहून अधिक फोटोंत तिथली जमीन दिसली पाहिजे. गणपतीतल्या लक्ष्मी रस्त्यावर मात्र हात टेकावेत.

फोटोत दिव्यांभोवती उमटणारे तारे मी तसे हौसेने मोजतो. बारीक अ‍ॅपर्चर बनवणाऱ्या पात्यांच्या कडांवरून प्रकाश वाकतो आणि टोकं फुटतात. पाती सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. माझ्या लेन्सच्या ताऱ्याला १८ टोकं येतात. लेन्स न उघडता आत ९ पाती आहेत हे कळतं.

फोटो काढून झाल्यावर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो. शटर बंद ठेवून तो काळा फोटो घेतो आणि सेन्सर तापल्याने उमटलेले खोटे ठिपके पहिल्यातून वजा करतो. मी असा नुसताच उभा असताना पेढीवरच्या रखवालदाराने हटकलं.

“काय मोजताय साहेब? रस्तारुंदीचं परत आलं काय?”

“नाही काका, फोटो काढतोय.”

“अंधारात?”

पडद्यावर दाखवला. डाव्या कोपऱ्यात त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची, खाकी पँट, बूट, मांडीवरची बॅटरी, सगळं नेमकं. खांद्यांच्या वर मात्र नुसता धुरकट फराटा. मी काय करतोय ते पाहायला त्यांनी तीन-चारदा मान वळवली होती.

“आमचं डोकंच नाही की यात! परत काढा, आता हलत नाही.”

काका गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले, मी बटण दाबलं. या वेळी उठलं ते कुत्रं. साधारण निम्मा वेळ झाला असेल, अंग झटकलं आणि बोळात गेलं. फोटोत काका मिशांसकट ठळक आले आहेत, आणि कुत्र्याच्या पोटातून रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसतोय.