डीन, विल्यम राल्फ ‘डिक्सी’

(२२ जानेवारी १९०७ – १ मार्च १९८०). दोन महायुद्धांच्या दरम्यानचा इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू, लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन क्लबचा सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मध्यभागी खेळून मुख्यतः गोल करणारा खेळाडू). १९२७-२८ च्या हंगामात त्याने लीगमध्ये (क्लबांच्या हंगामभर चालणाऱ्या साखळी स्पर्धेत) ६० गोल केले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतील हा विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही.

जन्म लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे वसलेल्या बर्कनहेड गावी. वडील रेल्वेत होते. तोही आधी रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. गावच्याच ट्रॅनमियर रोव्हर्सकडून खेळताना त्याने लीगच्या ३० सामन्यांत २७ गोल ठोकले आणि मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने ३,००० पौंड मोजून त्याला घेतले. लहानपणापासून तो याच क्लबचा चाहता होता. ‘डिक्सी’ हे टोपणनाव मात्र त्याला आवडत नसे. मित्रांनी ‘बिल’ म्हणावे, एवढीच त्याची अपेक्षा.

१९२६ च्या उन्हाळ्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा फुटला. आता हा मैदानावर दिसत नाही, असे डॉक्टरांना वाटले होते. तो त्याच हंगामात परतला, आणि ज्या डोक्याची सगळ्यांना धास्ती होती त्याच डोक्याने पुन्हा गोल करू लागला. तेव्हाचा चेंडू जाड चामड्याचा, वर वादीने आवळलेला. पावसात भिजला की चांगलाच जड व्हायचा. डीन फार उंच नव्हता. पण उडी कधी घ्यायची याचा त्याचा अंदाज अचूक असे, आणि मानेच्या झटक्याने तो चेंडू हव्या त्या कोपऱ्यात धाडत असे.

६० गोलांचे श्रेय पुष्कळदा ऑफसाइडच्या बदललेल्या नियमाला दिले जाते. १९२५ पर्यंत चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षापासून दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला, हे खरे. १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले होते. पण नियम सर्वांनाच सारखा होता, आणि अव्वल श्रेणीत साठी गाठली ती एकट्या डीनने, तीही ३९ सामन्यांत. एव्हर्टनच्या त्या हंगामातील १०२ गोलांपैकी निम्म्याहून अधिक त्याचे होते. त्यामुळे केवळ नियमाकडे बोट दाखवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

५ मे १९२८ रोजी एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर लंडनच्या आर्सेनल क्लबविरुद्ध हंगामातील शेवटचा सामना झाला. विजेतेपद आधीच एव्हर्टनचे झाले होते. उत्सुकता होती ती डीनच्या आकड्याची. तो ५७ वर होता, म्हणजे हॅटट्रिकच हवी. दोन गोल लवकर झाले, त्यांतला एक पेनल्टीवर. मग बराच वेळ काहीच घडेना. सामना संपायला थोडीच मिनिटे उरली असताना ठेंगण्या अ‍ॅलेक ट्रूपने डावीकडून कॉर्नर घेतला, गर्दीतून डीन वर उठला आणि त्याच्या हेडरने चेंडू जाळ्यात गेला. त्यानंतर आर्सेनलने ३-३ अशी बरोबरी साधली, पण तिकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते.

१९३० मध्ये एव्हर्टनची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, तरी डीन क्लबसोबत राहिला. पुढची तीन वर्षे संघाने गाजवली : १९३१ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद, १९३२ मध्ये अव्वल श्रेणीचे (डीनचे ४५ गोल) आणि १९३३ मध्ये एफए कप ही इंग्लिश क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरील त्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला ३-० असे हरवताना कर्णधार डीनने एक गोल केला. या कपच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर प्रथमच क्रमांक होते, डीनचा ९. इंग्लंडसाठी त्याने १६ सामन्यांत १८ गोल केले. १९३० आणि १९३४ च्या विश्वचषकांपासून इंग्लंड दूर राहिल्याने जगाला मात्र तो तिथे दिसला नाही.

१९३८ मध्ये त्याने एव्हर्टन सोडले. क्लबसाठी लीगच्या ३९९ सामन्यांत ३४९ गोल त्याच्या नावावर आहेत. नॉट्स काउंटी आणि आयर्लंडमधील स्लायगो रोव्हर्स या क्लबांकडून तो थोडे दिवस खेळला.

एवढे करूनही पैसा गाठीशी पडणे शक्यच नव्हते. त्या काळी व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंडच देता येत, मग त्याच्यासाठी मैदान कितीही भरो. ही कमाल मर्यादा १९६१ मध्ये उठली, तोवर डीन चेस्टरमध्ये पब चालवत होता. नंतर त्याने लिव्हरपूलच्या लिटलवुड्स कंपनीत हमालाचे काम केले. १९७६ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये गुडिसन पार्कवरच एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पाहताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. २००१ मध्ये मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला.