पेरॉक्साइडच्या कॅनवरचे 35 आणि 50 हे आकडे कुठून आले?

खानदेशात कापूस पिकतो, पण कोरं सुती कापड जन्मतः पांढरं नसतं. अमळनेरची प्रताप मिल उभी राहिली त्या काळात ब्लीचिंगचा, म्हणजे कापड पांढरं करण्याचा, राजा क्लोरीन होता. 1799 साली चार्ल्स टेनंट यांनी पेटंट घेतलेली ब्लीचिंग पावडर स्वस्त होती आणि थंड पाण्यात चाले. पण बाथचा, म्हणजे कापड बुडवायच्या द्रावणाचा, pH 7 च्या आसपास उतरला की सुताची ताकद जाई, आणि नीट न धुतलेलं कापड गोदामात पिवळं पडे.

कापड पांढरं करणारा दुसरा पर्याय, हायड्रोजन पेरॉक्साइड, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी 1818 मध्येच बेरियम पेरॉक्साइड आणि आम्लापासून बनवलं होतं. तो माल मात्र पातळ, अशुद्ध आणि लवकर विघटन होणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्युत-विघटनाने तीव्र माल मिळू लागला. पुढे जर्मनीत विकसित झालेल्या अँथ्राक्विनोन (एक सेंद्रिय संयुग) पद्धतीने तो स्वस्त झाला. आज बाजारात 35, 50 आणि 70 टक्के (वजनाने) असा माल येतो. जास्त टक्के म्हणजे पाण्यावर कमी वाहतूक-भाडं, हा त्याचा मुख्य अर्थ. 100 किलो 50% मध्ये 43 किलो क्षारमुक्त पाणी घातलं की 35% तयार.

खरा फरक स्टॅबिलायझरचा (विघटन रोखणाऱ्या रसायनांचा) आणि उरणाऱ्या अवशेषांचा. टेक्निकल ग्रेडमध्ये फॉस्फेट, टिन यांसारखे स्टॅबिलायझर चालतात. फूड ग्रेडमध्ये अवशेषांवर कडक मर्यादा असते, कारण 35% पेरॉक्साइडने दूध-ज्यूसचे ॲसेप्टिक कार्टन निर्जंतुक करतात. कापड ब्लीचिंगचा टेक्निकल ग्रेड कॅन तिथे वापरणं सरळ चूक आहे.

सुती कापडाच्या ब्लीचिंगसाठी कॉस्टिक सोड्याने pH 10.5 ते 11, सोबत पेरॉक्साइड स्थिर ठेवायला सोडियम सिलिकेट, तापमान 90 अंशांपुढे आणि तासभर वेळ. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात सिलिकेटचा थर बसतो, कापड खरखरीत होतं. लोखंडाचं दुखणं याहून वाईट: गंजक्या पाइपचा एक कण धाग्यावर बसला की पेरॉक्साइडचं तिथेच झपाट्याने विघटन होतं आणि धुतल्यावर तेवढ्याच जागी टाचणीएवढं भोक दिसतं. रंगाई आधी उरलेलं पेरॉक्साइड कॅटालेज (पेरॉक्साइडचं विघटन करणारं) एन्झाइमने मारावं लागतं, नाहीतर रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) रंग फिका बसतो.

ठिबकच्या नळ्यांतला शेवाळाचा चिकटाही पेरॉक्साइड पातळ करून सोडलं की सुटतो. क्षाराने बुजलेला ड्रिपर मात्र आम्लानेच मोकळा होतो. कॅन हवा जाऊ देणाऱ्या झाकणाचा, एचडीपीई प्लास्टिकचा आणि सावलीत ठेवलेला हवा. पितळी नळ अजिबात लावू नका, पितळाने पेरॉक्साइडचं विघटन होतं: एक लिटर 50% मालातून सुमारे 200 लिटर ऑक्सिजन सुटतो, बंद कॅन फुटायला तेवढा पुरेसा आहे.